अस्तर

शलाकाचा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

बीमला, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या त्या अरुंद लाकडी पट्टीला, बोटं लावून झाली होती. आता तीच बोटं कपाळाला लावायची आणि मग वर चढायचं. वयाच्या सहाव्या वर्षापासून ती हे करत आली होती आणि त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण आज कोपर मध्येच थांबलं. कुणी धरलं नव्हतं, कुठे दुखत नव्हतं. हात फक्त पुढे जाईना. मग तिने काहीही न करता तो सावकाश खाली आला आणि मांडीलगत सरळ झाला.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"अनावश्यक हालचाल वगळण्यात आली आहे," कानातली बाई म्हणाली.

कानातली बाई म्हणजे दुभाष्या यंत्र. कानात बसवलेला हा हरभऱ्याएवढा मणी रेडिओवर बातम्या दिल्यासारखं मराठी बोलायचा. समोरचा रागावलेला असो की लाडात आलेला, सगळ्यांच्या तोंडून हीच एक बाई, एकाच सुरात. इचलकरंजीच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. सकाळी शलाका म्हणाली, "मी नीट झोपलो नाही," तर बाईने आधी "वक्ता पुरुष आहे का?" अशी चौकशी केली. शलाका खुदकन हसली होती. त्यानंतर आज हसण्यासारखं काही घडलं नव्हतं.

हे सगळं चाललं होतं बाल्टिक समुद्राच्या काठी, पाइनच्या झाडांत उभ्या असलेल्या एका लांबलचक काचेच्या इमारतीत. जानेवारी होता. सूर्य नऊ वाजता नाइलाजाने उगवायचा आणि साडेतीनच्या सुमाराला घरी जायचा. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि जवळचं गाव कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा शलाकाला माहीत नव्हतं. रात्री गाडीने आणलं, खोली दाखवली, पासपोर्ट 'सुरक्षित ठेवण्यासाठी' घेतला, आणि सकाळी अंगात अस्तर चढवलं.

त्या कपड्याचं इथलं नाव लायनर. पण शलाका यंत्रमागांच्या गावची, तिचे वडील कापडातच जन्म काढलेले. मानेपासून मनगटापर्यंत आणि तळपायापर्यंत चिकटून बसणारा तो पातळ, राखाडी पोशाख बघताच तिच्या मनात शब्द आला तो अस्तर. फरक एवढाच की अस्तर कपड्याला असतं. हे माणसाला होतं.

तिला इथे कसं आणलं, तेही सांगायला हवं. शलाका चौगुले ही मुळात जिम्नॅस्ट नव्हेच. ती दोरीच्या मल्लखांबावरची पोर. तिची आत्या विजया, म्हणजे सगळ्या गल्लीची विजूआत्या, शाळेत खेळ शिकवायची आणि संध्याकाळी तालमीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरींना दोरावर चढवायची. चढवायची असं म्हटलं खरं, पण नवीन पोरीला पहिल्या दिवशी ती चढू देतच नसे. कमरेएवढ्या उंचीवर लटकवायची आणि म्हणायची, "सोड."

पोरगी घाबरून दोर आणखी घट्ट धरी. आत्या वाट बघत उभी.

"पैल्या दिशी दिस मावळायच्या आत एकदा पडायचं," ती म्हणे. "पडल्याबिगर दोर आपला हुत न्हाई. दात मीट, हनुवटी छातीला लाव, अंग ढिलं सोड. पोत्यागत पड, चेंडूगत ऊठ."

सहा वर्षांची शलाका तशीच पडली होती, रडली होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये हजर झाली होती. पुढे शाळेत बीम आला, तिथेही पहिल्या दिवशी आत्याने तिला आधी पाडलं. गेल्या वर्षी सांगलीच्या स्पर्धेत, पार वरच्या टोकाला असताना, तिच्या पायाच्या अंगठ्यातून दोर निसटला. सगळ्या मैदानाने श्वास रोखला. शलाका पडली, खांद्यावरून गोल झाली, उठली, दोराला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा चढली. बक्षीस गेलं ते गेलंच. पण कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ जगभर फिरला, आणि दोन महिन्यांत या शिबिराचं बोलावणं आलं. दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा. गावात हलगी वाजली, गुलाल उडाला, चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर शलाकाचा फोटो कोपऱ्यात लहानसा आणि पुढाऱ्यांचे मोठे, पण होता तर खरा. पंधरा वर्षांच्या पोरीने असा गुलाल अंगावर घेतला की मग परत फिरायची वाट उरत नाही.

"घाबरू नको," इल्झेबाई म्हणाल्या. या मुख्य प्रशिक्षक. उंच, पांढऱ्या आखूड केसांच्या, बोलायला मऊ. शलाकाचा अडलेला हात त्यांनी पाहिला होता. "पहिल्या दिवशी सगळ्याच घाबरतात. ये, समजावून सांगते."

त्यांनी शलाकाला एका पडद्यासमोर बसवलं. "हात उचल."

शलाकाने हात उचलला. पडद्यावर एक बारीक लाट उठली, आणि ती उठल्यानंतर, किंचित उशिरा, हात उचलला गेल्याचं दिसलं.

"बघितलंस? आपण हात उचलायचं ठरवतो आणि हात उचलला जातो, या दोन्हींच्या मध्ये एक फट असते. मेंदूचा निरोप स्नायूत पोचतो, तिथे बारीकशी वीज उमटते, आणि मग पापणी लवायच्याही आत स्नायू आकसतो. लायनरच्या विणीत केसापेक्षा बारीक तारा आहेत. त्या ती वीज आधीच वाचतात. तुझं अंग आता कुठे जाणार हे लायनरला तुझ्या अंगाआधी कळतं. ते बरोबर जागी जाणार असेल, तर लायनर गप्प. चुकणार असेल, तर ते स्वतःची वीज सोडून दुसरा स्नायू ओढतं. चूक व्हायच्या आधीच पुसली जाते."

"पण मी नमस्कार करत होतो. ती चूक नाही," शलाका म्हणाली.

इल्झेबाईंनी आपल्या कानातल्या यंत्राचं बोलणं ऐकलं आणि त्या हसल्या. "बीमवर चढण्याच्या पद्धतीत ते बसत नाही. लायनरला त्याचं कारण माहीत नाही. तुला वाईट वाटलं?"

शलाकाने मान हलवली. मान तेवढी मोकळी होती.

"आणि मला चक्कर आली तर?"

"बेशुद्ध माणसाचं अंग यंत्राने हलवायचं नाही, असा नियम आहे. सगळे स्नायू एकदम शांत झाले की लायनरही निजतं. आणि खाली गादी आहेच." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी लायनर काढल्यावरही त्याची सवय थोडा वेळ अंगात राहील. पुढे जास्त राहील. मग कायमची. त्याच्यासाठीच तर हे सगळं."

आता खरं सांगायचं तर, पुढचा तास शलाकाच्या आयुष्यातला फार सुखाचा तास होता, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. बीमवर मागे कोलांटी घेऊन पुन्हा बीमवरच उभं राहायचं, हे तिला वर्षभर जमत नव्हतं. बीमची रुंदी जेमतेम चार बोटं. शिवाय तिला दोराची खोड होती. पाय टेकला रे टेकला की अंगठा आणि शेजारचं बोट मिळून पकड घ्यायला बघत, जणू खाली लाकूड नसून दोर आहे. जगातली दुसरी कुठलीही जिम्नॅस्ट ही चूक करणार नाही. त्या पकडीत पाय मुडपे, तोल जाई आणि गुण कापले जात.

आज बोटं मुडपायला निघाली आणि मध्येच सरळ झाली. ती मागे उडाली, छत फिरलं, आणि तळपाय बीमवर असे टेकले, की जणू ते तिथून हललेच नव्हते. तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने पुन्हा उडी घेतली, पुन्हा घेतली. प्रत्येक वेळी तेच. बाजूच्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

मग केव्हातरी तिच्या मनात आलं, की हे जमतंय कुणाला?

तिने मुद्दाम अंगठ्याने बीम पकडून बघितला. बोटं हलली नाहीत. पुन्हा जोर लावला. पोटरीत एक मऊ कळ आली आणि विरली. पाय तिचा होता, तिला खालचं लाकूड लागत होतं, गार आणि जरासं खरखरीत. पण त्या पायाला ती काही सांगू शकत नव्हती. आपल्याच घराचं दार आतून उघडू नये तसं तिला झालं.

जेवणाच्या सुट्टीत अस्तरं धुवायला आणि चार्ज करायला जात. मुली साध्या कपड्यांत जेवणघराकडे निघाल्या, तेव्हा शलाकाला काहीतरी चमत्कारिक दिसलं. मघाशी बीमवर वाऱ्यासारख्या फिरणाऱ्या या पोरी भिंतीला हात लावून चालत होत्या. प्रत्येक दाराशी कठडा होता. आजारपणातून उठलेली माणसं पहिल्यांदा अंगणात येतात, तशी ती रांग जपून जपून सरकत होती.

तिची खोलीतली सोबतीण इनेस तिच्या पुढे होती. पोर्तुगालची, सतरा वर्षांची, दोन वर्षांपासून इथे. रात्री शलाका आली तेव्हा हिनेच तिला स्वतःचं एक पांघरूण जास्तीचं दिलं होतं. ताट घेऊन इनेस वळली. फरशीवर कुणाच्या तरी बुटाचा बर्फ वितळून पाणी झालं होतं. तिचा पाय सरकला.

शलाकाने आयुष्यात हजारदा माणसं पडताना पाहिली होती. माणूस पडतो तेव्हा हात पुढे येतात, गुडघे वाकतात, तोंड बाजूला वळतं. तान्ह्या पोरालाही ते सांगावं लागत नाही. इनेसचे हात ताटालाच राहिले. ती ओंडक्यासारखी सरळ पुढे कोसळली आणि तिची हनुवटी फरशीवर आपटली.

शलाकाच्या तोंडून "आई गं!" निघालं. बाकी कुणी ओरडलं नाही. वाढणाऱ्या बाईने शेजारचा खण उघडून मलमपट्टी काढली; खण तिने न बघताच उघडला होता. शलाकाने इनेसला उठवून बसवलं. हनुवटीवर जुन्या जखमांचे पांढरे व्रण होते, एकावर एक.

"चिंतेचे कारण नाही," कानातली बाई इनेसच्या वतीने म्हणाली. इनेसच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "हे अधूनमधून घडते. लायनरमध्ये मी दोन वर्षांत एकदाही पडलेली नाही."

"मग आत्ता हात का नाही टेकलेस?"

इनेस विचारात पडली. कुणीतरी तिला तिच्याच घराचा पत्ता विचारावा आणि तो आठवू नये, तशी. "ते काम आता माझे शरीर करत नाही," शेवटी ती म्हणाली. "लायनर करते ना."

शलाकाने आपलं ताट बाजूला सारलं. ज्या कामाला रोज कुणीतरी दुसरं हजर असतं, ते काम अंग सोडून देतं. त्यात नवल काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मांड्या वाळतात, तसंच हे. फक्त इथे वाळत होतं ते स्वतःला सावरण्याचं शहाणपण. आणि वरून पोरी पदकं जिंकत होत्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

ती कोपऱ्यात गेली आणि तिने आत्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. आत्याच्या मागे शेडमधला गलका ऐकू येत होता.

"जेवलीस का गं? थंडी लई हाय म्हनं. कानाला बांध काईतरी."

"बांधलंय आत्या."

"मग? पडलीस का न्हाई अजून?"

शलाकाने काचेबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं.

"गप का? पैला दिस हाय न्हवं आज?"

"आत्या, हितं पडताच येत नाही."

आत्या हसली. "येत न्हाई म्हंजे? पडाय काय येत न्हाई कुनाला?"

"तसं नाही. ते कापड... ते धरून ठेवतं. नमस्कारसुद्धा करू देत नाही."

दोराखाली कुणीतरी पोरगी ओरडली, आत्याने तिला दटावलं आणि मग फोनवर परत आली. आता तिचा आवाज बदलला होता. "हे बघ बाय. तितलं मला काय कळत न्हाई. तिथली मान्सं शिकल्याली हायती, बरंच करत असतील. पन ज्यावरनं पडता येत न्हाई, त्यावर चढू नगंस. दिस मावळायच्या आत पड एकदा. मग मला सांग."

"मला परत यायचं म्हटलं तर?"

"ये की," आत्या म्हणाली. "दार काय झाकलंय व्हय आमी?" पण तिने लगेच विचारलं, "बापाला काय सांगू?" आणि शलाकाला चौकातला फ्लेक्स दिसला, गुलालाने माखलेले वडील दिसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी खांद्यावर घेतलं होतं.

"काय सांगू नको," ती म्हणाली. "मी पडतो."

दुपारी मोकळा सराव होता, ज्याचं त्याने करायचं. शलाका बीमवर चढली. नमस्कार मनातल्या मनात केला. पश्चिमेच्या काचेतून ऊन येत होतं, तिरकं आणि पिवळं, आणि सूर्य पाइनच्या शेंड्यांपर्यंत उतरला होता.

तिने डावीकडे झोक घेतला. घोट्याने तिला परत आणलं. तिने एक पाय हवेतच सोडला. दुसऱ्या पायाने सगळा भार अलगद तोलून धरला. मग तिने डोळे मिटले आणि स्वतःला बीमवरून बाजूला झोकून दिलं. हात पसरले, कंबर वळली, आणि ती गादीवर दोन्ही पाय जुळवून, छाती पुढे काढून, हात वर करून उभी राहिली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तिने पुन्हा झोकून दिलं. पुन्हा टाळ्या. पडायला म्हणून ती जितक्या जोरात जाई, तितकी उतरणी देखणी होई. एकदा तर ती डोकं खाली करून निघाली, तरी अंग हवेत वळलं आणि पाय आधी टेकले. दैव देतं आणि कर्म नेतं असं म्हणतात. इथे कर्मालाही काही नेता येत नव्हतं.

गादीवर उभ्या उभ्या तिला रडू फुटलं. अगदी हमसून हमसून रडावंसं वाटलं. आणि तेव्हा सगळ्यात वाईट गोष्ट घडली. तिचे खांदे हलले नाहीत. हुंदका छातीतून वर आला, खांदे थरथरायला निघाले, आणि अस्तराने ते सरळ केले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मानेखाली एक खेळाडू ताठ, सुबक, प्रसन्न उभी होती. कुणाला कळलंसुद्धा नाही.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. काचेतलं ऊन तांबूस झालं होतं. मग तिला इल्झेबाईंचं सकाळचं बोलणं आठवलं. सगळे स्नायू एकदम शांत झाले की लायनरही निजतं.

सगळे. एकदम.

ती पुन्हा वर चढली. बीमच्या मधोमध उभी राहिली आणि अंग सोडायचा प्रयत्न केला. उंचावर उभ्या असलेल्या माणसाला याहून अवघड गोष्ट नाही. कुठेतरी काहीतरी धरून राहतंच. तिचं पोट आकसलं, त्या आकसण्याची वीज अस्तराने वाचली आणि तिला सावरून घेतलं. पुन्हा केलं. या वेळी मांडीने दगा दिला.

भीती स्नायूत असते, हे विजूआत्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने कमरेएवढ्या उंचीवर लटकणाऱ्या पोरींच्या चेहऱ्यांवर ते पाहिलं होतं. शलाकाने डोळे मिटले. पत्र्याची शेड. सुती दोराचा वास. खाली कुठेतरी आत्या उभी, घाई न करता.

सोड.

आधी जबडा सुटला, मग खांदे, मग पोट. गुडघ्यांनी जराशी कुरकुर केली, आणि तेही सुटले. अंगावरचं ते अदृश्य धरून ठेवणं विझल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. पोतं पडलं.

अस्तराला जाग यायला क्षणभर लागतो. तेवढा क्षण तिचा होता. दात मिटले, हनुवटी छातीशी गेली, डावं कोपर पोटाशी दुमडलं. हे कोपर तिने लहानपणी मोडून घेतलं होतं, तेव्हापासून पडताना ते आपोआप आत जाई. खांदा गादीला लागला, पाठ गोल झाली आणि ती उठून उभी राहिली. मान जराशी अवघडली होती, खांद्याची साल गेली होती, आणि झणझणत होतं. ते झणझणणं तिचं होतं. काचेबाहेर सूर्याची तांबडी कड अजून झाडांच्या वर होती.

"पडलो!" ती मराठीत ओरडली. "आत्या, पडलो!"

इल्झेबाई धावत आल्या. त्यांनी तिची मान तपासली, डोळे तपासले. रागावतील असं शलाकाला वाटलं होतं. पण त्या खाली गादीवर बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"तू जाणूनबुजून त्याला निजवलंस," त्या म्हणाल्या. "इथे आजवर कुणालाही जमलं नव्हतं." त्यांचा आवाज कापत होता, कानातल्या बाईचा नव्हता. "ये, बघ."

पडद्यावर शलाकाचं पडणं होतं. लाटांच्या रेघा आधी सपाट, मग एकामागून एक उठलेल्या: कोपर, खांदा, पाठ. अस्तर निजलं होतं, पण त्याचे कान उघडे होते.

"इनेसची हनुवटी पाहिलीस ना? सगळ्या मुलींचं तेच. त्यांना पडायला शिकवायचं तर लायनर पडू देत नाही, आणि लायनर काढलं तर अंग विसरलेलं. आम्हाला एक नैसर्गिक पडणं हवं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपलेलं. सांगलीच्या त्या व्हिडिओत आम्ही तुझ्या कसरती बघितल्या नव्हत्या, शलाका. दोर सुटल्यावर तू कशी पडलीस, ते बघितलं होतं. म्हणून तुला बोलावलं."

ज्या पडण्याने सांगलीत बक्षीस गेलं, त्यालाच इथे किंमत होती. आणि शिकायला म्हणून जिला आणलं, तिच्याकडूनच ते घ्यायचं होतं.

"आता पुन्हा पड," इल्झेबाई म्हणाल्या.

ती चढली. अंग सोडलं. आता ते सहज सुटलं. पण अस्तर निजलं नाही.

बाईंनी तिला नंतर समजावलं. बेशुद्ध होणाऱ्याची नाडी आधी मंदावते, तिची मंदावली नव्हती, आणि अस्तर एकदा फसलं ते पुन्हा फसणार नव्हतं; शिवाय मघाचं पडणं त्याने टिपून घेतलं होतं आणि आता तेच त्याला बरोबर वाटत होतं. त्या क्षणी शलाकाला एवढंच कळलं, की डावं कोपर पोटाशी दुमडलं, खांदा, पाठ, आणि ती उभी. हुबेहूब तिचंच पडणं. त्यात एक ती तेवढी नव्हती. खांद्याची सालही गेली नाही.

थोड्या वेळात सगळ्यांच्या अस्तरांत तिचं ते पडणं भरलं गेलं. मुली एकीमागून एक बीमवरून पडू लागल्या, हसत, किंचाळत, लहान पोरांसारख्या. इनेस सगळ्यात जास्त हसत होती. आणि प्रत्येकीचं डावं कोपर पडताना पोटाशी दुमडत होतं. ज्यांचं कोपर कधी मोडलं नव्हतं त्यांचंसुद्धा.

सूर्य गेला. फोनवर आत्याचा निरोप येऊन पडला होता. शलाकाने तो कानाला लावला.

"पडलीस न्हवं? मला म्हाईत हाय, पडली असशील. मग झालं तर. आता ते लाकूड तुजं."

तिने फोन पालथा ठेवला.

पाच वाजता अस्तरं काढून मुली खोल्यांकडे निघाल्या. बाहेर काळोख होता आणि काचांत त्यांची त्यांचीच प्रतिबिंबं भिंत धरून चालत होती. शलाकाने कानातला मणीही काढून टेबलावर ठेवला. इनेस अजून आनंदात होती, शलाकाला मिठी मारून काहीतरी भराभर सांगत होती. बोलता बोलता ती वळली आणि तिचा पाय गालिच्याच्या कडेला अडला. दोन्ही हात अंगालगत तसेच राहिले. शलाकाने तिला वरच्यावर धरलं नसतं, तर हनुवटी पुन्हा फुटली असती.

इनेसचं हसू मावळलं.

शलाकाने आपल्या पलंगावरची गादी ओढून जमिनीवर टाकली. मग इनेसची टाकली, तिच्या शेजारी. इनेसला खुणेने पलंगाच्या काठावर उभं केलं. पलंग गुडघ्याएवढाच होता, पण इनेसने घाबरून भिंतीतली खुंटी दोन्ही हातांनी पकडली. बीमवर मागे कोलांट्या मारणारी पोर.

"नो क्लाइंब," शलाका म्हणाली. तिचं इंग्रजी एवढंच. "फर्स्ट फॉल. तू. लायनर नाही. तू."

इनेसने जोरजोरात मान हलवली.

घाई नव्हती. दोन वर्षं होती. रोज सकाळी ते अस्तर अंगात चढणार होतं आणि रोज संध्याकाळी त्याचं काहीतरी अंगात मागे राहणार होतं. ते किती आणि आपण किती, याचा रोज पाच वाजता झगडा होता. शलाकाने आधी स्वतः पडून दाखवायचं ठरवलं. इनेसच्या शेजारी पलंगावर चढण्याआधी तिने वाकून गादीला बोटं लावली आणि हात कपाळाकडे नेला.

कोपर मध्येच थांबलं.

अंगात साधा सदरा होता. अस्तर इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला धुवायला पडलं होतं. तरी कोपर थांबलं, सकाळी थांबलं होतं त्याच जागी, आणि हात खाली यायला लागला.

शलाकाने दुसऱ्या हाताने तो धरला. तिने त्याला खाली येऊ दिलं नाही. वरही ढकललं नाही. तिने मान खाली घातली आणि कपाळ बोटांपर्यंत नेलं.

मग ती पलंगावर चढून इनेसच्या शेजारी उभी राहिली.

"सोड," ती म्हणाली.

इनेसला मराठी येत नव्हतं. तिने खुंटीवरचा एक हात काढला.